टाकीखालच्या खोल्या

धडगाव
४ ऑगस्ट २०२४

ती. जसोदाफुईस,
दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा कान फोनला अजिबात दाद देत नाही, असं हेमकांतदादाने कळवलं. मला ते आधीच कळलं होतं. मागच्या रविवारी मी नळ गळतोय म्हणून सांगत होते आणि तू कोण पळतोय, कोणाबरोबर पळतोय, म्हणून सगळं घर गोळा केलंस. तेव्हा आता पत्रच बरं. शहाद्याच्या जीपवाल्याच्या हाती देते. तूही त्याच्याच हाती उत्तर पाठव. इथलं नेटवर्क आणि तुझा कान, दोन्हींपेक्षा जीप भरवशाची.

जुलैपासून कॉलेजने मला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर केलं आहे. वर्गात वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात कड्या, नळ, पंखे, तुंबलेल्या मोऱ्या. फळ्यावर पानाची चित्रं काढत असते, पण डोक्यात मधल्या मजल्यावरचं बाथरूम वाहत असतं. दुरुस्तीला माणूस एकच, भटू. प्लंबर, वायरमन, सुतार सगळं तोच. त्याचा सारा भार सायकलच्या जुन्या ट्यूबवर. गळका नळ असो, हलणारी खाट असो, तो ट्यूब गुंडाळतो. दुरुस्ती आठवडाभर टिकते, भटूचा आत्मविश्वास मात्र कायम टिकतो.

हसण्यासारखं एवढंच. आता खरं लिहिते. गच्चीवर चार खांबांवर सिमेंटची मोठी टाकी आहे. तिच्या एका खांबाला भेग पडली आहे आणि त्या भेगेतून गंजलेली सळई उघडी दिसते. गेल्या आठवड्यात गिलाव्याचा एक तुकडा निखळून वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला. टाकीच्या बरोबर खाली मुलींच्या खोल्या. तिथे राहणारी रमिला वळवी, तिसऱ्या वर्षाची, मोलगीच्या पुढच्या पाड्यावरून आलेली. तिच्या घरात कॉलेज पाहिलेली ती पहिलीच. तुकडा घेऊन माझ्याकडे आली, टेबलावर ठेवला आणि तासाला निघून गेली. तक्रार केली असती तर सोपं झालं असतं.

भटूला वर चढवलं. त्याने खांबावर थापटी मारली आणि काही व्हत नही मॅडम, म्हणून उतरला. मग संस्थेच्या सचिवांना गाठलं. हस्तीमलजी, शहाद्यातले कापडाचे व्यापारी, तू ओळखतेस. वसतिगृहाला त्यांच्या आईचं, बदामबाईंचं नाव आहे. ते म्हणाले, ऑक्टोबरात तपासणी समिती येते आहे, तोवर सगळी इमारत रंगवून घेऊ, टाकीचं दिवाळीनंतर बघू. मी पुन्हा विचारलं तर जरा दुखावून म्हणाले, आईच्या नावाची वास्तू मी कच्ची बांधली असेल का?

तेव्हापासून बसले तरी उठावंसं वाटतं. दिवसातून कितीदा तरी गच्चीवर जाऊन त्या भेगेकडे बघून येते, जणू मी बघितल्याने ती थांबणार आहे. काय करू?

आप्पांना यातलं काही सांगू नकोस. तुझा लोभ आहे म्हणून तर तुलाच त्रास देते.

तुझी
दामिनी

प्रकाशा
११ ऑगस्ट २०२४

चि. दामिनीस,
जसोदाफुईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जीपवाल्याने ते मेथीच्या जुड्यांत खोचून आणलं होतं, त्यामुळे वाचायच्या आधी झटकावं लागलं.

इकडे तापीला पाणी भरपूर, केळी उभी आहेत आणि नदीवरची मोटर जळली आहे. हेमकांत तिच्यामागे धावतो आहे. माझं कानाचं मशीन कपाटात आहे. ते लावलं की पंख्याचा आवाज ऐकू येतो आणि माणसांचा नाही, मग काय करायचं ते लावून? माझ्या भावाला, रतिलालला, मी काही सांगितलं नाही, पण बापाला वास येतोच. तिले सांग, घर निंघी ये, पहाडात काय शे, असं लिहायला सांगितलं त्याने. मी लिहिलं, तू वाचलंस, माझं काम झालं.

आता तुझ्या टाकीचं. मला सिमेंटमधलं काही कळत नाही. मी जन्मभर मराठी शाळेत पाढे शिकवले. हस्तीमल वाईट माणूस नाही, हेही मला ठाऊक आहे. पण बाई, सरळ विचार कर. ज्या खोलीत तू स्वतः अंथरूण टाकणार नाहीस, तिथे दुसऱ्याची लेक झोपवू नकोस. एवढं केलंस की बाकीचं ज्याला रागवायचं त्याने रागवावं.

वेळेवर जेवत जा. तू लहानपणापासून काळजी लागली की ताट तसंच ठेवून उठतेस.

आशीर्वाद आहेतच, ते पाठवायला जीप लागत नाही.

तुझी फुई
जसोदा

धडगाव
३ सप्टेंबर २०२४

ती. फुईस,
दामिनीचा नमस्कार.

तुझ्या त्या एका ओळीने काय केलं ते लिहिते. राग मानू नकोस, दोष देत नाही.

रंगारी आले. त्यांनी भेगेत पुट्टी भरली, वरून गुलाबी रंग दिला. दोन दिवस खांब नव्या नवरीसारखा दिसला. मग भर पावसात दुपारी मोठा आवाज झाला. मी वर्ग सोडून धावले. खांबाचा एक मोठा ठोकळा रंगासकट सुटून गच्चीवर पडला होता आणि टाकीच्या बुडातून पाणी झिरपत होतं. मुली जिन्यात उभ्या होत्या. भटू ट्यूब घेऊन आला होता, खरंच आला होता, फुई. मला हसावं की रडावं कळेना.

मी कोणालाच विचारलं नाही. मुलींना म्हटलं, गाद्या उचला. आम्ही सगळ्या भिजत ग्रंथालयाच्या वाचन हॉलमध्ये गेलो. समितीसाठी तिथे नव्या टेबलांवर हिरवं कापड अंथरलं होतं. ते काढून मुलींनी चटया टाकल्या, टेबलांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. रमिला सगळ्यांत पुढे होती, कोणी कुठे झोपायचं ते तीच ठरवत होती. तेव्हा मला वाटलं, झालं, जमलं.

दुसऱ्या दिवशी हस्तीमलजी शहाद्याहून आले. ओरडले नाहीत. हॉलच्या दारात उभे राहून म्हणाले, मॅडम, तुम्ही गावभर केलं की बदामबाईंचं घर पडतं आहे. आता ते चालू ठेवून मी जोखीम कशी घेऊ? आणि संध्याकाळपर्यंत नोटीस लागली. दुरुस्तीसाठी वसतिगृह पुढील सूचना येईपर्यंत बंद, मुलींनी घरी जावं. वाचन हॉलही रिकामा करायचा.

 मी मागितली होती दुरुस्ती, आणि मिळाली ती दुरुस्तीच. ती अशी येईल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जीप स्टँडवर मुली पेट्या, बादल्या घेऊन उभ्या होत्या. ज्यांचे नातेवाईक धडगावात आहेत त्या तिकडे गेल्या. बाकीच्या डोंगरात. रमिलाने विचारलं, मॅडम, पुस्तकं नेऊ की ठेवू? मी म्हटलं, ठेव गं, आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तिने पुस्तकं माझ्या हातात दिली आणि जीपच्या मागच्या फळीवर चढली. कधी परत बोलावतो म्हणून कोणालाच सांगता आलं नाही.

तेव्हापासून कॉलेजात पाय ठरत नाही. वर्गात मागचे बाक रिकामे आहेत. खांब खरंच पडला असता का, हे मला माहीत नाही. मुली घरी गेल्या, एवढं माहीत आहे.

तुझ्या आशीर्वादाची सध्या फार गरज आहे.

दामिनी

प्रकाशा
१२ सप्टेंबर २०२४

चि. दामिनीस,
फुईचे आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्त.

माझ्या ओळीने झालं असेल तर ओळ माझी आहे, मी ती मागे घेत नाही. पण पुढे काय होईल ते मीही पाहिलं नव्हतं, हे मान्य करते. शाळेत मुलं घरी पाठवली की दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन परत येत. तुझ्या मुलींचं घर उतरून-चढून जायच्या वाटेवर आहे, हे मी विसरले.

परवा हस्तीमल इथे येऊन गेला. केळीच्या बागेशी गाडी थांबवून ओट्यावर बसला आणि बराच वेळ बोलला. मशीन कपाटात असल्यामुळे मी नुसती मान हलवली. त्याला वाटलं मला सगळं पटतं आहे, म्हणून तो आणखी बोलला. हेमकांतने नंतर मला मोठ्याने सगळं सांगितलं. बदामबाई गेल्या त्या उन्हाळ्यात वसतिगृहाचा स्लॅब घातला होता आणि त्याला पाणी मारायला हा रोज स्वतः शहाद्याहून धडगावला जायचा. आईची सेवा राहून गेली म्हणून स्लॅबला पाणी घालायचा. तू खांबाकडे बोट दाखवलंस ते त्याला कुठे लागलं ते आता कळलं.

म्हणून तो बरोबर आहे असं नाही. पण त्याच्याशी भांडू नकोस. त्याला सांग की आईच्या घरात लेकी नसतील तर रंग कोणासाठी दिला? हे मी त्याला इथेच सांगितलं असतं, पण तो काय बोलतो आहे हेच मला ऐकू येत नव्हतं.

रतिलालला कळलंच. कोणीतरी त्याला सांगितलं. काल एकदम म्हणाला, पोरीने भियायला पाहिजे होतं, पण भियाली नाही. यात कौतुक होतं की राग, ते मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

अंडी आणि केळी पाठवते आहे. अंड्यांना जीपवाल्याने काही केलं तर मला कळव.

तुझी फुई

धडगाव
२३ ऑक्टोबर २०२४

ती. फुईस,
दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

अंडी सुखरूप पोचली होती, केळ्यांचं मात्र शिकरण होऊनच आलं.

तुझं म्हणणं मी हस्तीमलजींना पोचवलं.  त्यांनी नाशिकहून एक इंजिनिअर आणला. तो म्हणाला, इमारत ठीक आहे, टाकी मात्र उतरवावी लागेल. नवीन टाकी लोखंडी मनोऱ्यावर, इमारतीपासून दूर, जमिनीवरून उभी करायची. समितीची भेट पुढे ढकलली. काम सुरू झालं.

आता ऐक. टाकी फोडायला माणसं आली तर ती फुटेना. घण घातले, मशीन लावलं. गावातले लोक रस्त्यावर उभं राहून बघायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. एका खांबात गंज होता तो खोलवर होता, पण बाकीचे तीन दगडासारखे निघाले. भटू मला रोज न चुकता सांगतो, मॅडम, आपल्या मागेही उभी राहिली असती ती. हस्तीमलजी आले, बघितलं आणि एवढंच म्हणाले की आता तरी तुमच्या मनाचं समाधान झालं ना?

झालं नाही, फुई. टाकी पडली असती तर मी बरोबर ठरले असते आणि पोरी गेल्या असत्या. ती पडली नाही म्हणून मी चूक ठरते, हे मला मान्य नाही. पण मुली घरी बसल्या ते माझ्यामुळेच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात असतात आणि मी एका जागी बसू शकत नाही. वर्गात शिकवताना फेऱ्या मारते, मुलं मान वळवून वळवून दमतात.

धडगावात नातेवाईक असलेल्या मुली वर्गात येतात. डोंगरातल्याही हळूहळू आल्या, कोणी मैत्रिणीच्या खोलीत, कोणी मावशीकडे. रमिला आणि खालच्या वर्गातल्या दोघी आल्या नाहीत. मोलगीच्या बाजारात कोणीतरी सांगितलं की रमिलाच्या घरचे दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला निघणार आहेत आणि लहान भावंडं सांभाळायला तिलाही नेणार. एकदा ट्रकमध्ये बसली की होळीपर्यंत नाही. तोवर परीक्षा, वर्ष, सगळं गेलं.

दिवाळी झाली की लगेच मी मोलगीला जाते. तू माझ्याबरोबर येशील का? गुडघे दुखतात हे ठाऊक आहे. पण मी एकटी गेले तर त्यांना दिसणार घर बंद करणारी मॅडम. तुझ्या पांढऱ्या केसांकडे बघून निदान बसायला तरी सांगतील.

उत्तराची वाट बघते. नाही म्हणालीस तरी लोभ कमी करू नकोस.

दामिनी

प्रकाशा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

मोलगीहून आल्यापासून दोन दिवस गुडघ्यांना तेल लावून पडले होते. आज बसून लिहिते, कारण तू जीप घेऊन त्या दुसऱ्या दोघींच्या पाड्यांवर गेलीस आणि मला कालीबाईच्या ओसरीवर सोडलंस, तेव्हा काय झालं ते मी तुला सगळं सांगितलं नाही. परतीच्या जीपमध्ये तू मला दहा प्रश्न विचारलेस. मी ऐकू येत नाही असं दाखवलं. तेवढा एक फायदा आहे या कानाचा.

रमिलाची आई कालीबाई बांधाबांध करत होती. अंगणात घोंगड्या, पातेली, कोयते पडलेले. मला खाट दिली, पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागली. थोड्या वेळाने काय वाटलं कोण जाणे, भगरीचं सूप माझ्या हातात दिलं. मी पाखडायला लागले तर अर्धी भगर कोंबड्यांना गेली. ती हसली. मग बसली.

तिला भिलीच येते, मला ती येत नाही, आणि येत असती तरी ऐकू आली नसती. म्हणून रमिला मधे बसली, कडेवर धाकटा भाऊ घेऊन. आईचं बोलणं ती माझ्या कानाशी मराठीत ओरडायची आणि माझं आईला भिलीत सांगायची. दामिनी, बोलणं तिच्याबद्दलच चाललं होतं. ती जरा इकडचं तिकडे करू शकली असती, तिथे कोणाला कळणार होतं? पण तिने तसं केलं नाही. आई म्हणाली, तुम्हीच सांगितलं घर पडतं, तुम्हीच पोरी हाकलल्या, आता तुम्हीच न्यायला आलात. रमिलाने ते जसंच्या तसं माझ्या कानात ओरडलं. आई म्हणाली, ही गेली तर उसाच्या फडात लेकरं कोण बघेल? तेही सांगितलं. मी विचारलं, तुला काय पाहिजे? हे तिने आईला सांगितलं आणि भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. प्रश्न तिला होता की आईला, हे तिला ठरवता येईना. मी पुन्हा तिच्याकडे बोट करून विचारलं. तेव्हा तिने भावाला खाली ठेवलं आणि पहिल्यांदा स्वतःचं म्हणणं दोन्ही भाषांत सांगितलं, की मला परीक्षेला बसायचं आहे.

कालीबाई उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. ती हातात भाकरी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, वसतिगृह बंद आहे, मग ही राहणार कुठे? मी म्हटलं, दामिनीकडे दोन खोल्या आहेत. ती म्हणाली, मॅडम दिवसभर कॉलेजात, पोरी एकट्या, ते मी करणार नाही. घरात मोठं माणूस पाहिजे.

आणि मी म्हणाले, मी शे ना तठे.

कसं निघालं तोंडातून, मलाच कळलं नाही. रमिलाला अहिराणी बाजारापुरती समजते, तिने एकदा माझ्याकडे बघितलं, खरं का म्हणून. मी मान हलवली. मग तिने आईला सांगितलं, ही आजी तिथे राहणार म्हणून. कालीबाईने भाकरी मोडून अर्धी मला दिली.

तर तुला न विचारता मी शब्द देऊन आले आहे. गुरुवारी अंथरूण, तवा आणि लोणच्याची बरणी घेऊन येते. ऊसतोडीचा ट्रक शनिवारी निघतो, त्याआधी कालीबाई स्वतः मोलगीपर्यंत रमिलाला आणून सोडणार आहे. हेमकांत केळी बघेल. रतिलाल म्हणाला, या वयात होस्टेलात जातेस? मी म्हटलं, तुझी लेक जाते तिथे मला जायला काय झालं? तो हसला नाही, पण गॅसची जुनी शेगडी दुरुस्त करून आणायला तोच गेला आहे.

टाकी फुटायला वेळ लागला याचं तू मनाला फार लावून घेतेस. मी मास्तरीण होते, मला बरोबर-चूक खूण करायची सवय आहे. यावर मला करता येत नाही. तुलाही येणार नाही, तेव्हा पेन खाली ठेव.

त्या दुसऱ्या दोघींचं काय झालं ते आल्यावर सांग. तुझा चेहरा बघून मी जीपमध्ये विचारलं नाही.

आशीर्वाद घेऊन मीच येते आहे.

तुझी फुई

धडगाव
११ मार्च २०२५

ती. फुईस,
दामिनीचा शि. सा. न. वि. वि., आणि माझ्या खोलीभर पसरलेल्या मुलींचाही.

तू गेल्यापासून घरात बोलण्याचा आवाज एकदम खाली आला आहे. तुझ्यामुळे आम्हाला सगळ्यांना ओरडूनच बोलायची सवय लागली होती. परवा मी प्राचार्यांशी तशीच बोलले आणि ते खुर्चीतून उठले.

काल वसतिगृह उघडलं. तू आठ दिवस आणखी थांबली असतीस तर बघितलं असतंस. मैदानाच्या कडेला लोखंडी मनोरा, त्यावर काळ्या टाक्या. भटूने मोठ्या थाटात कॉक फिरवला. आधी नळांमधून नुसती हवा खोकत आली, मग लाल पाणी, मग एकदम सगळ्या मजल्यांवर स्वच्छ धार. मुली प्रत्येक मजल्यावरून किंचाळत होत्या, आलं, आलं म्हणून. हस्तीमलजी खाली उभे होते. वरून कोणी बघत नाही असं समजून त्यांनी एका नळाखाली ओंजळ धरली आणि प्यायले. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, मॅडम, खिडक्यांना पडदे दुकानातून पाठवतो, रंग तुम्हीच निवडा. आम्ही दोघांनी टाकीचं नाव काढलं नाही. भटूने नव्या पाइपालाही एका ठिकाणी ट्यूब गुंडाळली आहे. मी बघितलं आणि पुढे गेले. रात्री मात्र जाऊन पुन्हा बघून आले.

रमिलाचे पेपर चांगले गेले, होळीनंतरचे तेवढे उरले आहेत. कालीबाई होळीसाठी उसावरून परत आली आहे, तिने फोनवर तुझी चौकशी केली. रमिलाने सांगितलं की म्हातारी बाई नदीकाठी गेली. तर तिने विचारलं, परत कधी येणार? याचं उत्तर तूच दे.

त्या दोघींचं सांगते. तू इथे होतीस तेव्हा दर वेळी मी विषय टाळला, तोंडाने सांगायला जमलं नाही. सुमन वसावे परवा आली, एक वर्ष मागे पडून का होईना, पण आली. दुसरी, सविता, आली नाही. तिचं लग्न झालं, तेही आम्ही मोलगीला गेलो त्याच्या आधीच. तेव्हा तिच्या दारातून परत आले होते, म्हणून जीपमध्ये माझा चेहरा तसा होता. ती एकोणीस वर्षांची आहे आणि खोटं कशाला लिहू, तिला कदाचित करायचंच असेल. मी विचारलंच नव्हतं, नुसती बघून परतले. मुली नळाखाली ओरडत होत्या तेव्हा मी कोणाचा आवाज नाही ते ऐकत होते.

सगळ्या मुली आज होळीला घरी निघाल्या आहेत. वसतिगृह उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी रिकामं. पुन्हा तोच जीप स्टँड, त्याच पेट्या.  रमिलाने मात्र खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली नाही. कमरेला खोचून घेतली.

मी तिच्याबरोबर निघते आहे. सविताच्या सासरचा पाडा त्याच वाटेवर आहे. या वेळी दारातून परत यायचं नाही असं ठरवलं आहे. तिला विचारणार आहे की बाहेरून परीक्षेला बसतेस का. ती नाही म्हणाली तर पाणी पिऊन येईन. काय होईल माहीत नाही. तू असतीस तर सूप हातात घेऊन बसली असतीस आणि निम्मं काम झालं असतं.

जीपवाला तिसऱ्यांदा हॉर्न वाजवतो आहे आणि रमिला पुढच्या सीटवर माझी जागा धरून त्याच्याशी भांडते आहे. पत्र त्याच्याच भावाच्या हाती शहाद्याला देते. लोभ आहेच, तो असाच वाढत राहो.

तुझी
दामिनी